‘पेट्रेल’वरचा सातवा माणूस

१

सव्वीस पुस्तकं लिहिली मी, पण त्यातलं एकही माझं नाही. टीव्हीवर ‘पेट्रेल’ नावाची मालिका लागते. अवकाशात बंद पडलेली जहाजं ओढून आणणारी एक टगबोट आणि तिच्यावरचे सहा खलाशी, अशी ती गोष्ट. मालिका चालली की लंडनच्या प्रकाशकाला तिच्यावर पुस्तकं हवी असतात आणि ती लिहायला माझ्यासारखी माणसं लागतात. जहाज त्यांचं, खलाशी त्यांचे, कव्हरवरचं ‘आर. जे. कॅल्डर’ हे नावही त्यांचंच. हा कॅल्डर म्हणजे गूल बंदरातली हेटी मार्फ्लीट, वय अठ्ठावन्न, हे आमच्या गल्लीतल्या चारपाच जणांना सोडून कुणाला ठाऊक नाही.

या धंद्याचे कायदे एका जाड वहीत लिहून येतात. सहा खलाशांना मारायचं नाही, त्यांची लग्नं लावायची नाहीत, कप्तानाचे केससुद्धा कापायचे नाहीत. तुम्ही नवा माणूस आणलात तर शेवटच्या पानाआधी त्याला घालवायचं. लोकांची खेळणी खेळायला घेतलीत, तर होती तिथे ठेवून द्या, एवढाच त्याचा अर्थ. लिहून झालं की मजकूर मालक कंपनीच्या मंजुरी विभागाकडे जातो, तिथून फॅक्सवर टिपा येतात, आपण मुकाट्याने दुरुस्त्या करून पाठवायच्या. सव्वीस पुस्तकांत मी कधी वाद घातला नाही.

माझी एक आळशी युक्ती आहे. जहाजात कुठला दरवाजा कुठे उघडतो हे लक्षात राहत नाही, म्हणून मी पहिल्या पुस्तकापासून आमचंच घर जहाज म्हणून वापरते. आमचं स्वयंपाकघर ते जहाजाचं स्वयंपाकघर, मागचा बोळ ती मधली वाट, आणि बोळाच्या टोकाची कोठीची खोली म्हणजे बाहेर पडायचा हवाबंद दरवाजा. आमच्या कोठीत बटाटे आणि मार्मालेडच्या बरण्या असतात, तिथून पुस्तकात माणसं अवकाशात जातात.

दुसरी गोष्ट युक्ती नव्हे, रिवाज. आमच्या धंद्यातले सगळेच पाळतात. पुस्तकात जी माणसं पटापट मरतात, त्यांना आपल्या ओळखीच्यांची नावं द्यायची. ज्याचं नाव येतं तो खूश असतो. आमचा पोस्टमन आजवर दोनदा मेलाय. खाटिक डेन्बीला एका वेलीने गिळलं, तर त्याने ते पान चौकटीत बसवून सॉसेजच्या वर टांगलंय.

“खाटकाला दीड पानाचं मरण दिलंस,” माझा भाऊ विल्फ म्हणायचा, “आणि सख्ख्या भावाला एक ओळ नाही.”

“तू आधी खोकायचा थांब. मग मारते.”

“माझ्या खोकल्याचं काय घेऊन बसलीस? त्यालाच घाल पुस्तकात!”

विल्फ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं खऱ्या टगबोटींवर इंजिनं सांभाळली. इंजिनांनी त्याचा डावा कान खाल्ला आणि कोळशाने छाती. डाव्या बाजूने काही सांगितलं तर त्याला ऐकूच येत नाही, आणि भांडण झालं की तो मुद्दाम डावी बाजू करून बसतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते मी त्याला कधी सांगितलं नाही. म्हणूनच माझी बोटं त्याचं नाव टाइप करायला धजत नव्हती.

२

सव्विसाव्या पुस्तकासाठी कंपनीने कळवलं, या वेळी जरा भीती घाला. मी घातली. टगबोट बंदरातून निघते तेव्हा तिच्यात जेवढ्या खोल्या असतात, त्याहून वाटेत एक जास्त भरते. त्या जास्तीच्या खोलीत जो जातो तो परत येत नाही. मारायला मी गल्लीतली माणसं घेतली.

आणि विल्फचा चौसष्टावा वाढदिवस जवळ आला होता म्हणून त्याला सातवा माणूस केला. म्हातारा इंजिनवाला, डोक्यावर टोपी, बोलायच्या आधी तीनदा खोकतो. सगळे जातात, पण हा एकटा त्या खोलीत जाऊन परत येतो. पान दोनशे एकतीस, शेवटची ओळ: ‘विल्फ परत आला. त्याच्या हातात बरणी होती.’ पुढच्या बंदरावर तो उतरून जातो, म्हणजे कंपनीचा कायदाही पाळला गेला.

विल्फने ते पान वाचून माझ्यापुढे टाकलं. “हे काय? मेलो नाही?”

“नाही मेलास.”

“डेन्बी हसेल मला,” तो म्हणाला. पण त्याने ते पान घडी करून खिशात ठेवलं.

पहिली टीप एका मंगळवारी न्याहारीच्या वेळी आली. फॅक्सचं यंत्र पुढच्या खोलीत घरघरलं. ‘पान ६१. स्वयंपाकघरापासून दरवाजापर्यंत नऊ पावलं नाहीत, अकरा आहेत. दुरुस्ती करावी. — मंजुरी विभाग.’

मला हसू आलं. लंडनमध्ये बसून जहाजातली पावलं मोजणारं कुणीतरी आहे म्हणायचं. चहाचा कप हातात घेऊन मी सहज बोळातून कोठीपर्यंत चालत गेले. अकरा भरली.

आता, मी ती आधी कधी मोजली होती का? पहिल्या पुस्तकाच्या वेळी मोजली असणार, नाहीतर नऊ लिहिलं कुठून? त्याला अकरा वर्षं झाली. माणूस म्हातारा होतो, पाऊल आखूड पडतं. मी स्वतःला हे पटवलं, नऊचे अकरा केले आणि पान पाठवून दिलं.

बुधवारी दुसरी आली. ‘पान ७४. दरवाजा बाहेर नव्हे, आत उघडतो.’ यावर मात्र मी थबकले. आमच्या कोठीचं दार बाहेर, बोळात उघडतं. तीस वर्षं त्याची मूठ बोळाच्या भिंतीवर आपटून गिलाव्यात खळगा पडलाय. पण पुस्तकातलं जहाज कंपनीचं होतं, दार कुठे उघडावं हे त्यांनी ठरवावं. मी ‘आत’ केलं.

गुरुवारी सकाळी बटाटे आणायला गेले आणि सवयीने दार ओढलं. हललं नाही. ढकललं, तर आत उघडलं.

“विल्फ!” मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन ओरडले. “कोठीचं दार आत कधीपासून उघडतं?”

“कायमचंच उघडतं.”

“बाहेर उघडायचं. भिंतीवर आपटायचं.”

“मग माझी सायकल बोळात कुठे उभी केली असती गं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

सायकल बोळात उभी होती खरी. मी तिच्या वरून हात घालून भिंत चाचपली. खळगा होता. माझी अर्धी मूठ मावेल एवढा, आतला गिलावा पिवळा पडलेला. बाहेर कधीच न उघडलेल्या दाराने पाडलेला खळगा. मी बराच वेळ बोट त्याच्यात घालून उभी होते.

३

तिसरी टीप पुढच्या सोमवारी. ‘पान १०३. फळी डाव्या हाताला आहे. फळीमागे खाली उतरणारी पायरी लिहायची राहून गेली आहे.’

आता म्हणाल, तेव्हा तरी शहाणपण यायला हवं होतं. पण सव्वीस पुस्तकांची सवय हाडात मुरलेली असते. टीप आली की हात आपोआप टाइपरायटरकडे जातो. दुरुस्ती करून, पाठवून मगच मला घाम फुटला.

कोठीत गेले. बरण्यांची फळी डावीकडे होती. उजवीकडच्या भिंतीवर जुन्या फळीच्या खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती. डाव्या फळीमागे लाकडी तक्ते होते, पायरी काही दिसली नाही. मी तक्त्यावर टकटक केली. पलीकडून जो आवाज आला तो पोकळीचा होता. आमच्या त्या भिंतीपलीकडे शेजारच्या मिसेस प्लॉज यांचं न्हाणीघर आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

मी लंडनला माझ्या संपादिकेला, फेनेलाला, फोन लावला. पोरगी चांगली आहे, पण बोलते अशी की आपण तिच्या आजी आहोत.

“टिपा?” ती म्हणाली. “कुठल्या टिपा, हेटी? मंजुरी चार तारखेलाच आली. एक शब्द न बदलता. पुस्तक छापायला गेलंसुद्धा.”

“मग मला रोज फॅक्स कोण पाठवतंय?”

“मला पाठवा ना ते. बघते मी.”

टिपा मी चुलीशेजारच्या खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या. जाऊन बघते तर तिन्ही कागद काळे ठिक्कर. फॅक्सचा कागद उष्णतेने काळा पडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं.

“हेटी,” फेनेला म्हणाली, “रागावू नका, पण तुम्ही जरा सुट्टी घ्या. भावाला घेऊन व्हिटबीला जा. समुद्रावरचा मासा खा.”

मी फोन ठेवला. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता. माझं घर मी एका जहाजाला वापरायला दिलं, ते खरं. पण ते कुणाला देऊन टाकलं नव्हतं.

४

गुरुवारी दुपारी पावणेचारला चौथी टीप आली. बाहेर लख्ख ऊन होतं, गोदीवर क्रेन चालू होती.

‘पान २३१. तो परत येत नाही. चार वाजेपर्यंत दुरुस्ती करावी.’

कायद्याने बघितलं तर या मागणीची गरजच नव्हती. नवा माणूस शेवटच्या पानाआधी गेला पाहिजे, आणि हा पुढच्या बंदरावर उतरून जातच होता. तरी याआधी अशी पन्नास माणसं मी त्यांच्या सांगण्यावरून मुकाट्याने घालवली होती. मी कोरा कागद घेतला, त्यावर जाड पेनाने ‘नाही’ असं लिहिलं आणि यंत्रात सरकवला. आयुष्यातलं पहिलं ‘नाही’. अक्षर चांगलं आलं.

उत्तर लगेच आलं. ‘पान २३१. दुरुस्ती आम्ही करत आहोत. सहकार्याबद्दल आभार.’

“हेटे!” स्वयंपाकघरातून विल्फची हाक आली. “मार्मालेड संपलंय. नवीन बरणी आणतो.”

“विल्फ, थांब! जाऊ नकोस!”

मी डाव्या बाजूला होते. त्याला ऐकू गेलं नाही.

मी धावले. बोळात त्याची पावलं वाजत होती आणि माझ्या मनात ती आपोआप मोजली जात होती. नऊ, दहा, अकरा. दार उघडल्याचा आवाज. तिथे पावलं थांबायला हवी होती. बारा. तेरा. चौदावं जरा खालून आलं.

“हेटे,” त्याचा आवाज खुशीत होता, “ही पायरी कधी केली गं आपण? खाली केवढी जागा आहे!”

मी दाराशी पोचले. दार आत उघडं होतं. डाव्या हाताला फळी, बरण्या, आणि फळीमागे तक्ते नव्हते. पुढे पायऱ्या उतरत होत्या, तीनचार दिसत होत्या, मग काळोख. मिसेस प्लॉज यांच्या न्हाणीघराचं नावनिशाण नव्हतं. थंड हवेला नव्या कागदाचा वास होता. विल्फचा खोकला खाली खाली जात होता.

तुम्ही विचाराल, मी त्याच्या मागे का उतरले नाही? कारण तो प्रसंग मी सव्वीस वेळा लिहिलाय. मागे जाणारा मूर्ख नेहमी संपतो, आणि त्याच्यामुळे कुणीही वाचत नाही. खाली जे काही होतं त्याने माझी सव्वीसच्या सव्वीस पुस्तकं वाचली होती. मी काय करीन हे त्याला ठाऊक होतं.

मग मी ते केलंच नाही. टाइपरायटर उचलून आणला, बोळात दारासमोर फरशीवर बसले, यंत्र मांडीवर घेतलं आणि कागद चढवला. ‘विल्फ परत आला. त्याच्या हातात बरणी होती.’

पायरीवर पाऊल वाजलं. कुणीतरी वर येत होतं.

तीनदा खोकला. मग शांत. आणखी एक पायरी. तीनदा खोकला, मग शांत. मोजून तीनदा.

विल्फचा खोकला कधी तीनवर थांबत नाही. तो सुरू झाला की विल्फ चुलीची दांडी धरून वाकतो, डोळ्यांत पाणी येतं आणि शेवटी तो स्वतःलाच शिवी देतो. तीन खोकले मी लिहिले होते. वाक्य आटोपशीर व्हावं म्हणून.

काळोखातून आधी टोपी वर आली. टोपीखाली काही होतं, पण मी नीट पाहिलं नाही, आणि जेवढं दिसलं त्यात पाहण्यासारखं काही भरलेलंच नव्हतं.

“हेटे,” ते म्हणालं, “चहा टाक.”

तेव्हा मला माझी चूक कळली. खाटकाला मी दीड पान दिलं. त्याचे जाड हात, त्याचे चावट विनोद, सगळं. आणि सख्ख्या भावाला? एक टोपी, तीन खोकले. डॉक्टर जे बोलले त्याच्या भीतीने मी त्याच्याजवळ जाऊन लिहिलंच नव्हतं. टोपी आणि खोकला एवढाच माणूस असेल, तर तो परत आला काय आणि न आला काय, दुरुस्ती करायला किती वेळ लागणार?

“एवढ्याने भागणार नाही,” मी मोठ्याने म्हणाले. “हा माझा भाऊ नाही. परत जा, आणि त्याला अख्खा आण.”

मान खाली घालून मी टाइप करू लागले. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नाही, दोरखंडात गेलं, आणि ते हल नदीतल्या माशाने खाल्लं असं तो लहान पोरांना सांगतो. टोस्टला दोन्ही बाजूंनी लोणी लावतो आणि पकडला गेला की माझ्यावर ढकलतो. रग्बीची मॅच ऐकताना रेडिओला नावं ठेवतो. एकोणीसशे छप्पन साली एका मुलीने त्याला नकार दिला, तिचं नाव तो अजून घेत नाही, पण तिच्या गल्लीतून सायकल नेत नाही. आई गेली त्या दिवशी त्याने घरातली सगळी घड्याळं दुरुस्त केली. मी लहानपणी गोदीत पडले तेव्हा त्याने बूटही न काढता उडी मारली होती आणि नंतर आठवडाभर बुटांवरून माझ्याशी भांडला होता.

पुढच्या खोलीत फॅक्सचं यंत्र घरघरत होतं, कागदावर कागद ओकत होतं. मी बघितलं नाही. पायरीवरचं ते तसंच उभं होतं. तीनदा खोकलं. मी लिहीत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग चौथा खोकला आला. पाचवा. सहावा, आणि त्याच्यामागून एक सणसणीत शिवी.

“जमिनीवर काय बसलीस?” विल्फ म्हणाला. त्याच्या हातात बरणी होती. “थंडी लागेल, बावळट.”

मी त्याचा डावा हात ओढून घेतला आणि बोटं पाहिली. मधल्याचं टोक नव्हतं. मी ते बोट धरून रडले. तो गोंधळून माझ्या डोक्यावर बरणी टेकवून उभा राहिला. त्याच्यामागे कोठीत तक्ते होते, बरण्या होत्या आणि बटाटे होते.

५

पुस्तक मार्चमध्ये आलं. दोनशे एकतिसाव्या पानावर विल्फ परत येतो. डेन्बी त्याला हसला. फॅक्सचं यंत्र मी लगेच गोदीत फेकून दिलं होतं, आणि फेनेलाला सांगितलं की यापुढे टिपा पोस्टाने पाठवा, पोस्टमनला मी ओळखते.

एकच गोष्ट राहिली. त्या दुपारी घाईघाईत मी सगळं लिहिलं, पण डावा कान लिहायला विसरले. आता विल्फला दोन्ही कानांनी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं. मी मान डोलावली. मी रोज सकाळी एक पान लिहिते, त्याच्याबद्दल आणखी काय काय आठवतं ते. अजून काही सुटलेलं असेल, तर ते माझ्या हातून सुटायला नको. तो माझा भाऊ आहे. याउप्पर कुणाची काही टीप असेल, तर ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी.

काल चहाच्या वेळी त्याने टोस्ट खाली ठेवला आणि डावा कान बोळाकडे केला.

“हेटे, कोठीत कुणीतरी पावलं मोजतंय.”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. “किती झाली?”

“नऊवर जातंय. मग दहा, अकरा. मग परत पहिल्यापासून.” तो हळू बोलत होता. तो घाबरलेला मी प्रथमच पाहिला. “आपल्याकडे यायचा अंदाज घेतंय गं ते.”

“घेऊ दे,” मी म्हणाले. “घर कुणाचं आहे?”

“आपलं.”

“मग पावलं किती, ते आपण सांगायचं.”

मी टाइपरायटर टेबलावर घेतला, कपबशा बाजूला सारल्या आणि कागद चढवला. ‘स्वयंपाकघरापासून कोठीच्या दारापर्यंत नऊ पावलं आहेत. दार बाहेर उघडतं.’ खाली पहिल्यांदाच माझं स्वतःचं नाव टाइप केलं. हेटी मार्फ्लीट.

आज सकाळी मी बोळातून चालत गेले, पाऊल मुद्दाम नेहमीएवढंच टाकत. दहा भरली. कोठीचं दार अजून आतच उघडतं. पण काल अकरा होती.

मी परत येऊन दुसरा कागद चढवलाय.